बाकावरची अमेरिका

(अकादमीच्या इंदूर येथील कार्यक्रमात, लालबाग परिसरात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



निमंत्रणपत्रिकेत माझा विषय 'बृहन्महाराष्ट्रातील मराठीची सद्यःस्थिती' असा छापला आहे. या विषयावर मी आजवर चार-पाच वेळा बोललो आहे आणि दर वेळी श्रोत्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या आहेत. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर हलवतात तशा. म्हणून आज तुमची परवानगी घेऊन मी माझ्या मामांविषयी बोलतो. विषय तोच आहे, फक्त आडवाटेने जाऊ.

मामा लोकमान्यनगरात राहायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी ते फिरायला इकडे लालबागेत यायचे. फिरणं दहा मिनिटं, बसणं तासभर. बाकावर तिघं-चौघं जमायचे आणि मामा मतं द्यायचे. कोणी विचारलेली नसायची. अमेरिकेचा अध्यक्ष, फुटबॉलचा वर्ल्ड कप, महागलेले पोहे, शेजाऱ्याने गेटसमोर लावलेली गाडी, या सगळ्यावर एकाच आवाजात. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. त्यामुळे अमेरिकेबद्दल बोलण्याचा आपल्याला विशेष अधिकार आहे असं ते धरून चालत.

त्यांचं दुसरं कारण हा समोरचा वाडा होता. १८८६ ते १९२१ अशी पस्तीस वर्षं याचं काम चाललं. ज्या तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत तो पुरा झाला, त्यांनी गादी सोडल्यावर १९२८ साली बडवाह इथे सिएटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं. त्या हिंदू झाल्या, शर्मिष्ठाबाई झाल्या. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांनी १९४२ साली थेट अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघडं पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करा असं सांगितलं. इंग्रजांचा अंमल असताना एका संस्थानिकाने हे करावं, याचं मामांना फार कौतुक. ते म्हणत, "इंदूरच्या माणसाने अमेरिकेला सल्ला देण्याची परंपरा दरबारातली आहे. मी ती बाकावरून चालवतो."

निवृत्तीनंतर मामा तीन महिने मुलीकडे राहून आले आणि पुढे अनेक वर्षं त्या तीन महिन्यांवर जगले. तिथल्या निवडणुकीत लोक घरासमोरच्या हिरवळीवर आपल्या उमेदवाराची पाटी रोवतात, याचा त्यांना धक्का बसला होता. "आपल्याकडे नवरा कोणाला मत देऊन आला हे बायकोला माहीत पडत नाही, आणि हे रस्त्यावर बोर्ड लावतात!" रस्त्यावर माणूस दिसत नाही, कपडे बाहेर वाळत नाहीत, कचऱ्याला ठरलेला वार असतो, अशी निरीक्षणं असत. पुढे आपल्याकडे रोज सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येऊ लागली आणि इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला, तेव्हा मामांनी मुलीला फोन करून सांगितलं, "तुमच्याकडे अजून गुरुवारीच येते का?"

फुटबॉलवर त्यांचा खास राग. नातू शाळेची मॅच दाखवायला घेऊन गेला. मामा बघतात तर चेंडू लांबुडका, खेळणारे शिरस्त्राणं घातलेले आणि चेंडू हातात. "काखोटीला मारून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. आमच्या मंडीत त्याला चोरी म्हणतात." तरी नातवाकडून त्यांनी नियम शिकून घेतले आणि बाकावर आम्हाला समजावून दिले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. मामा म्हणाले, "दहा वार. म्हणजे आजीच्या लुगड्यापेक्षा एक वार जास्त. तेवढ्यासाठी अकरा पैलवान अकरांवर पडतात. मग उठतात, पंचायत भरते, पुन्हा पडतात."

मी पुष्कळ वर्षं हिंदी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला. इतक्या लहान वाक्यांत एवढी परकी गोष्ट डोळ्यांसमोर उभी करणं मला कधी जमलं नाही. नऊवारी लुगड्यातला 'वार' आणि अमेरिकन मैदानावरचा 'यार्ड' एकच, हे मला माहीत होतं, सुचलं मामांना. शब्द रोजच्या वापरात असला की तो कुठेही जाऊ शकतो, अगदी न्यू जर्सीपर्यंत.

आपला खरा फुटबॉल त्यांना आवडायचा. १९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत झाला. फायनल आपल्याकडे रात्री एकला सुरू झाली. मामांनी मला उठवून बसवलं. तिथे तेव्हा भर दुपार होती. युरोपातल्या टीव्हीची वेळ सांभाळायची म्हणून खेळाडूंना उन्हात भाजतात, हे त्यांचं मत, आणि ते चुकीचं नव्हतं. शेवटी बाजोने पेनल्टी बारवरून मारली. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बिचारा. इथवर आणलं त्यानेच."

आता जी गोष्ट सांगायला मी आलो आहे तिच्याकडे येतो. सन २००० ची अमेरिकन निवडणूक तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि तरी ते हरले. फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्या एका राज्यावर सगळं फिरलं. मामा बाकावर हे समजावत होते. मध्येच अडखळले. मतदार, मतदारांचे मतदार, मंडळ, राज्यांचा वाटा, असं काहीतरी गुंतत गेलं. बाकावर आमचे एक हिंदीभाषक स्नेहीही होते, पण ते निमित्त झालं. मी म्हणालो, "मामा, हिंदीत सांगा ना, पटकन समजेल."

मामा थांबले. वर्तमानपत्र उघडून वाचत बसले. त्या दिवशी अमेरिकेचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, न बसताच म्हणाले, "ऐक. टेस्टची मालिका. पाच सामने. तीन तू एकेका विकेटने जिंकलास, दोन मी डावाने जिंकले. एकूण धावा कोणाच्या जास्त?" मी म्हणालो, तुमच्या. "मालिका कोणाची?" माझी. "झालं. गोरसाहेब धावा मोजून राहिले आहेत." आणि ज्या राज्यांचा कल कोणालाच सांगता येत नाही त्यांना त्यांनी नाव दिलं, 'कुंपणावरची राज्यं'. हिंदीत सांगा म्हटल्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत. ज्या गावात होळकर संघाचं क्रिकेट बघत लोक लहानाचे मोठे झाले, तिथे याहून चांगला दाखला मिळणार नाही.

मामांची मतं बरोबर असत असं मी मुळीच म्हणत नाही. निवडणुकांबद्दलचे त्यांचे अंदाज तर इतके चुकत की आम्ही उलट बाजूवर चहाची पैज लावायचो. मला सांगायचं आहे ते असं की, चूक असली तरी ती मराठीत होती.

कारण आपण इथे काय केलं ते बघा. घरात जेवणखाण मराठीत, गणपती मराठीत, लग्नाची याद्यांची बैठक मराठीत, दुखणीखुपणी मराठीत. जगाबद्दल मत द्यायचं झालं की आपण नकळत हिंदीत शिरतो. हिंदीशी माझं भांडण नाही; तिने मला भाकरी दिली आहे. आणि ही वाट थोरांनीही धरली. गजानन माधव मुक्तिबोध याच गावच्या होळकर कॉलेजात शिकले. घरची भाषा मराठी. कविता हिंदीत लिहिली, आणि नागपूरच्या 'सारथी'त 'यौगंधरायण' या टोपणनावाने राजकारणावर लिहिलं तेही हिंदीत. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार झाले. एका घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले, हे भाग्यच. राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी घरातला माणूस 'नई दुनिया'चा संपादक झाला, हेही या गावाचं वैभव. पण मुक्तिबोध आणि बारपुते हिंदीत गेले ते काहीतरी घेऊन गेले. आपण साधी माणसं जातो ती फक्त सोय म्हणून.

मराठीला या विषयांची सवय नाही असं कोणी म्हणेल, तर ते खरं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. हे अमेरिकन राजकारणावरचं मत नाही तर काय? पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ सालचं. त्यात तिथली राज्यव्यवस्था आहे, घरं आणि राहणी आहे, शिक्षण आहे, बायकांची स्थिती आहे. सगळं मराठीत, कुठेही शब्द कमी पडल्याची तक्रार न करता. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं झालेल्या या गावात आज मला शब्द सुचू नये, याचा दोष मी भाषेवर कसा ढकलू?

आणि तो सुचला नाही, हे मी स्वतः पाहिलं. २०२४ च्या नोव्हेंबरात माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, ट्रंप परत कसा जिंकला?" मी उत्साहाने दहा मिनिटं समजावलं. मग म्हणालो, "चल, दूध पिऊन घे." सूनबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बाबा, ट्रंप हिंदीत आणि दूध मराठीत!" त्यांनी सहज म्हटलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. मामांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि 'कुंपणावरची राज्यं' हा शब्द मला त्या दहा मिनिटांत एकदाही आठवला नव्हता.

इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. आपण मुलांना मराठीत बोलायला सांगतो ते 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', फार तर 'संत ज्ञानेश्वर'. मूल पाठ करून येतं, म्हणून दाखवतं, बक्षीस घेऊन जातं. त्याला भांडायला काही द्या. पेनल्टीने सामन्याचा निकाल लावणं न्यायाचं आहे का? अमेरिकेत चार वर्षांनी निवडणूक होते, आपल्याकडे पाचांनी; बरं कोणतं? ते चुकेल, हिंदीत घसरेल, 'माहीत पडलं' आणि 'करून राहिला' म्हणेल. पुण्याचे पाहुणे हसतात त्या 'करून राहिला'ला. हसू द्या. तेवढ्यासाठी मुलाला मध्येच अडवू नका. शुद्धलेखनाचा तास वेगळा असतो.

मी घरी सुरुवात केली आहे. रविवारी सकाळी नातीला घेऊन इथे येतो. पहिले दोन रविवार ती कंटाळली, मीही. तिसऱ्या रविवारी ती रात्रीची फुटबॉलची मॅच पाहून आली होती. बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "आजोबा, तो गोलकीपर उगाच डाइव्ह मारून राहिला होता. बॉल सरळच येऊन राहिला होता." मी म्हटलं, गोलकीपरला आधीच ठरवावं लागतं, बॉल यायची वाट पाहिली तर उशीर होतो. ती म्हणाली, मग मधेच उभं राहायचं ठरवावं. मी म्हटलं, उभा राहून गोल झाला तर लोक शिव्या देतात, पडून झाला तर देत नाहीत. "म्हणजे तो लोकांसाठी पडतो?" मी नाही म्हणालो. ती हो म्हणाली. पुड्यातले पोहे गार झाले तरी आमचं चाललंच होतं.