गाईच्या पोटातली दोन मुले

(मिशन रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



जव्हारकडच्या आपल्या मुलींच्या वसतिगृहाला इंग्लंडमधल्या एका मंडळीचा तरुण संघ दरवर्षी देणगी पाठवतो. ती कशी जमते ते सांगा, असे पाळकसाहेब म्हणाले. मी काही वर्षे त्या मंडळीत होते, मुलांच्या नाटकाचे कपडे शिवत होते. तर ही देणगी जमते एका गाईमुळे.

तिकडे नाताळाच्या सुमारास गावोगावी पँटोमाइम होते. लोक त्याला नुसते ‘पँटो’ म्हणतात. नावावरून मूकनाट्य वाटेल, पण एवढा गोंगाट मी दुसऱ्या नाटकात ऐकलेला नाही. पूर्वी त्यात बोलणे फार थोडे असे. १८४३ च्या कायद्यापर्यंत लंडनमध्ये बोलक्या नाटकांचा परवाना मोजक्याच नाट्यगृहांना होता. बाकीच्यांनी नाच, गाणी आणि हावभाव यांवर भागवायचे. १८०६ साली ‘मदर गूज’ गाजवणारा जोसेफ ग्रिमाल्डी हा विदूषक त्याच काळातला.

आता आजी, आई, नातू एका रांगेत बसून ओरडतात. खलनायक आला की हुर्यो. तो नायकाच्या पाठीमागे लपला की सगळी मुले, “मागे बघ, मागे बघ!” म्हातारी आई पुरुषानेच करायची, आणि नायक जुन्या रीतीप्रमाणे मुलीने. आमच्या संघाने जॅक आणि शेंगेच्या वेलाची गोष्ट घेतली होती. भाडे थकलेली विधवा गाय विकायला काढते, आणि पोरगा गाईच्या बदल्यात मूठभर बिया घेऊन घरी येतो. गाय म्हणजे एका कापडाखाली दोन मुले. पुढच्याला तोंडातून दिसते. मागचा वाकलेला, त्याला काहीच दिसत नाही. शिवताना मला त्याचीच जास्त काळजी होती.

त्या वर्षी एका वडीलधाऱ्यांनी सुचवले की मध्यंतरात छोटा प्रवेश करावा. फाटक्या कपड्यातली उपाशी आदिवासी मुलगी येऊन हात पसरेल, बादल्या लवकर भरतील. माणूस भला, आणि गरज डोळ्यांना दिसल्याशिवाय लोक देत नाहीत हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मी सांगितले, आमच्या मुली गणवेश घालून, दोन वेण्यांना रिबिनी बांधून शाळेत जातात. मग गाईचे मागचे पाय करणाऱ्या मुलाने विचारले, “त्या मुली इथे बसून बघत असत्या, तर आपण हे केले असते का?” बरीच वादावादी झाली. शेवटी मुलांनी हात वर करून प्रवेश काढून टाकला. मध्यंतरात विधवेच्या वेषातला मुलगा बादली घेऊन फिरला आणि पैसे कशाला हवेत ते साधेपणाने सांगितले: गाद्या, सौरदिवे, दहावीची पुस्तके. मागच्या वर्षीपेक्षा थोडे कमी जमले, हेही सांगते. तरी तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

इकडे आल्यावर वसतिगृहात मी त्या नाटकाचे चित्रीकरण दाखवले. गाय नाचायला लागताच मुली ओरडल्या, “बाई, हा तर आमचा बोहाडा!” जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून एकेक सोंग रात्रभर नाचत येते, सारे गाव लहानथोरांसह बघायला बसते. त्या आनंदाकडे आपण मंडळीतल्या काहींनी उगीच नाक मुरडू नये, असे मला वाटते. भाड्यासाठी गाय विकतात तेव्हा मात्र मुली हसल्या नाहीत. एक म्हणाली, “आमच्या आज्याने सावकारापायी बैल विकला होता. त्याला तर बियाही नाही मिळाल्या.” तिचे हे बोलणे, तिला विचारूनच, मी त्या संघाला कळवले आहे.

आता स्नेहसंमेलनात मुलींना हीच गोष्ट आपल्या बोलीत करायची आहे. त्यांनी गाईचा बैल केला आहे, आणि राक्षसाचा सावकार. बैलाच्या कातड्यासाठी दोन जुनी तपकिरी ब्लँकेटे हवी आहेत. कोणाकडे असली तर पुढच्या रविवारी मंदिराच्या कचेरीत आणून ठेवावीत. शिवायचे मी बघते. मागचे पाय कोणी करायचे यावर मुलींचे अजून भांडण चालू आहे.