गुंगीचे राज्य
(नंदुरबार येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

हुकूमशाही म्हटली की डोळ्यांपुढे लाठी, तुरुंग आणि मुस्कटदाबी झालेली वृत्तपत्रे उभी राहतात. परंतु विसाव्या शतकातील तीन इंग्रजी कादंबऱ्यांनी निराळाच इशारा दिला आहे. ऑल्डस हक्स्ले यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधील (१९३२) राज्य प्रजेला ‘सोमा’ नावाची गोळी वाटते. गोळी घेतली की दुःख नाही आणि दुःख नाही म्हणून प्रश्नही नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’मध्ये (१९४९) पक्षसभासदांवर भिंतीवरील पडद्यातून अष्टौप्रहर पाळत असते, कष्टकरी बहुसंख्यांच्या घरी मात्र बहुतेक ठिकाणी तो पडदाही नसतो. त्यांच्यासाठी यंत्राने जुळवलेली गाणी, सवंग चित्रपट आणि लॉटरी पुरेशी ठरते. त्या लॉटरीची मोठी बक्षिसे तर कोणालाच मिळत नसतात! रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९५३) पुस्तके जाळणाऱ्या पथकाचा प्रमुख सांगतो की, वाचन आधी लोकांनीच सोडले; सरकारी आग मागाहून आली.

तिन्ही कादंबऱ्यांचे सार एकच आहे: सत्तेला दहशतीपेक्षा बेफिकिरी स्वस्त पडते.

हा केवळ कल्पनाविलास आहे काय? आणीबाणीच्या अखेरच्या पर्वात, ६ फेब्रुवारी १९७७ रोजी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनने ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ दाखवला. लोकांनी घरी बसावे, हा हेतू उघड होता. तरीही मैदान भरले. त्या दिवशी पडदा हरला. कारण एकोणीस महिन्यांच्या जाचाने माणसे जागी झाली होती. जाच डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा मैदान भरेल काय, हा खरा प्रश्न आहे.

‘सोमा’ नाकारण्याचे उदाहरण तर याच मातीत आहे. त्या काळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यात भिल्ल आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या आणि जमिनीचे मूळ मालक सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती यांनी त्यांना उभे केले. १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्तीची परिषद भरली आणि श्रमिक संघटना आकाराला आली. या चळवळीतील स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मजुरी दारूत जाते, मार बाईच्या वाट्याला येतो आणि झिंगलेला मजूर मालकापुढे ताठ उभा राहू शकत नाही, हे त्यांना कोणत्याही कादंबरीने शिकवले नव्हते. मजुरीच्या लढ्याचा पाया शुद्धीवर असलेला माणूस आहे, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच शहादे तालुक्यातील टेंभली या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते दिले गेले. बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा सरकारजमा होऊ लागली; त्यासाठीचा कायदा मात्र २०१६ मध्ये आला. आधी ठसा, मग कायदा! गरिबाला ओळखपत्र मिळण्यात गैर काही नाही. गैर आहे ती मधल्या सहा वर्षांतली सार्वत्रिक उदासीनता. २०१२ मध्ये न्यायालयात गेले ते न्या. के. एस. पुट्टस्वामी हे वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती. त्यांच्या याचिकेमुळे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. एका वृद्धाने विचारलेला प्रश्न कोट्यवधी तरुणांना का सुचू नये?

ऑर्वेल यांच्या कादंबरीतील पडदा सरकार भिंतीवर बसवते. आजचा पडदा नागरिक स्वतःच्या पैशाने, प्रसंगी हप्त्यांनी, विकत घेतो आणि उशाशी घेऊन झोपतो. तो करमणूक करतो आणि नोंदही ठेवतो.

म्हणून करमणुकीवरच बहिष्कार घालावा काय? मुळीच नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला हसवले आणि हसवता हसवता विचारात पाडले. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत रात्रभर ढोल वाजतो, माणसे रात्रभर नाचतात. तेथे उत्सव गावाच्या हातून घडतो. मिळून केलेली करमणूक माणसांना जोडते. एकेकट्याने नुसती पाहिलेली करमणूक त्यांना सुटे करते. आणि सुट्या माणसांवर राज्य करणे सोपे असते.

कार्यकर्त्याचे काम यातूनच ठरते. रेशनच्या दुकानात ठसा उमटला नाही म्हणून कोणी रिकाम्या हाताने परतले, तर ती यंत्राची चूक म्हणून सोडून देऊ नये. त्या माणसाबरोबर तहसील कचेरीत जावे आणि धान्य का नाकारले, याचे लेखी उत्तर मागावे. संध्याकाळी गावातली दहा माणसे पडद्यापासून उठवून पारावर बसवावीत आणि तोच प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा. शहाद्याच्या स्त्रियांनी मडकी फोडली, ती एकेकटीने नव्हे.