पाटीवरचा शब्द आणि शाळेतला दिवस



वारंगा फाटा हे नावाप्रमाणेच फाट्यावरचे गाव. नागपूर-यवतमाळकडून उमरखेड, हदगाव करत येणारा रस्ता आणि अकोला-हिंगोलीकडून कळमनुरी, आखाडा बाळापूरवरून येणारा रस्ता इथे मिळतात आणि पुढे अर्धापूरमार्गे नांदेडला जातात. अशा रस्त्यांच्या कडेला गेल्या काही वर्षांत खतांच्या आणि बियाण्यांच्या पाट्यांबरोबर शाळांच्या पाट्याही दिसू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ पाट्यांवर एक शब्द ठळक असतो, 'इंटरनॅशनल'. मी शिक्षकी पेशातला माणूस असल्याने पालक मला हमखास विचारतात, "सर, लेकराला इंटरनॅशनलला टाकावं म्हणतो, कसं राहील?" विचारणारा बहुधा हळद किंवा केळी पिकवणारा शेतकरी असतो आणि हळदीच्या पट्टीतला मोठा हिस्सा फीकडे वळवायची त्याची तयारी असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय माध्यमिक शाळेत विद्यार्थ्याचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, आणि तिथली मुले नेमके काय मिळवतात, याविषयी आज बोलावे म्हणतो.

आधी हा शब्द आला कुठून ते पाहू. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा शहरात राष्ट्रसंघाची आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कचेरी सुरू झाली. तिथे नोकरीला आलेल्या निरनिराळ्या देशांच्या माणसांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये एक शाळा निघाली. तिचे नाव जिनिव्हा आंतरराष्ट्रीय शाळा. गरज अगदी व्यवहाराची होती. वडिलांची बदली झाली की मुलाचा देश बदलायचा, देश बदलला की अभ्यासक्रम बदलायचा. सगळ्या देशांतल्या विद्यापीठांना चालेल अशी एकच परीक्षा हवी, या विचारातून पुढे १९६८ मध्ये जिनिव्हातच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आय.बी., ही संस्था उभी राहिली.

दुसरा धागा कुर्ट हान या जर्मन शिक्षकाचा. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, आणि सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये आले. दोन महायुद्धे पाहिलेल्या या माणसाचा विचार साधा होता. सोळा-सतरा वर्षांची निरनिराळ्या देशांची मुले दोन वर्षे एकत्र राहिली, एकत्र शिकली आणि एकत्र कामाला लागली, तर मोठेपणी एकमेकांवर बंदूक रोखणे त्यांना जड जाईल. त्यातून १९६२ मध्ये वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. युनायटेड वर्ल्ड कॉलेज या शाळांच्या मालिकेतली ही पहिली शाळा.

या शाळेतल्या मुलांची एक कामगिरी सांगतो. किल्ला समुद्रकाठी. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी घेतली होती. लाकडी होड्या खडकावर फुटत, आणि नुसत्या हवा भरलेल्या होड्या खवळलेल्या पाण्यात टिकत नसत. मुख्याध्यापक डेस्मंड होर हे नौदलातले निवृत्त अधिकारी. त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे खटपट करून खाली टणक तळ आणि कडेने हवा भरलेल्या नळ्या अशी नवी होडी तयार केली. तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौकासंस्थेला केवळ एका पौंडात देऊन टाकले. आज जगभरचे बचाव दल आणि तटरक्षक याच घडणीच्या होड्या वापरतात. हे यश कोणत्याही गुणपत्रिकेवर आले नाही, पण शाळेच्या कर्तबगारीत मी ते सर्वांत वर ठेवीन.

या मालिकेतली एक शाळा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे डोंगरावर १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी त्याची रचना केली. अकरावी-बारावीच्या वयाची सुमारे अडीचशे मुले-मुली तिथे असतात आणि ती अनेक देशांतून आलेली असतात. वसतिगृहाच्या घरांच्या गटाला तिथे 'वाडा' म्हणतात. आपला हा मराठी शब्द आफ्रिकेतल्या, युरोपातल्या मुलांच्या तोंडी रोज असतो.

तिथला अभ्यास आय.बी.चा. दोन वर्षांत सहा विषय घ्यायचे. आपल्याकडे दहावीनंतर मूल विज्ञानाला गेले की इतिहासाचे दार बंद होते. तिथे भाषा, दुसरी भाषा, समाजशास्त्रांपैकी एक, विज्ञानापैकी एक आणि गणित सगळ्यांनाच असते. सहावा विषय कलेतला घ्यावा, किंवा आधीच्या गटांतला आणखी एक. पुन्हा प्रत्येकाने स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा शोधनिबंध लिहायचा. आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, याची चर्चा करणारा एक वर्ग असतो. आणि कलानिर्मिती, शारीरिक कृती व सेवा यांचे काम दोन वर्षे चालते. ते नीट झाले नाही, तर परीक्षेत गुण मिळूनही पदविका मिळत नाही. एकूण गुण फक्त पंचेचाळीस. टक्क्यांची सवय लागलेल्या आपल्या मंडळींना हा हिशेब चमत्कारिक वाटेल.

यातली एक गोष्ट पालकांनी मुद्दाम ऐकावी. आय.बी.मध्ये पहिला विषय असतो तो बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतील साहित्याचा. ती भाषा शिकवणारा शिक्षक शाळेत नसेल, तर मार्गदर्शन घेऊन विद्यार्थ्याने स्वतः त्या साहित्याचा अभ्यास करावा अशी सोय आहे. म्हणजे खरोखरीची आंतरराष्ट्रीय शाळा मुलाला आपली भाषा घेऊन ये म्हणते. आणि आपल्याकडे मधल्या सुट्टीत मराठी बोलले म्हणून दंड घेणाऱ्या शाळा पालकांना 'इंटरनॅशनल' वाटतात!

आता एकत्र राहण्याविषयी. एकाच्या घरी गोमांस खातात, दुसऱ्याच्या घरी कांदा-लसूणही चालत नाही. एकाच्या देशाचे दुसऱ्याच्या देशाशी युद्ध चालू असते. सकाळी आंघोळीला आधी कोणी जायचे इथपासून मतभेद सुरू होतात. घरी फोन करून ते मिटत नाहीत. बोलूनच मिटवावे लागतात. सतराव्या वर्षी हे जमायला लागणे ही माझ्या मते मोठी कमाई आहे.

साहजिकच श्रोते म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. फी मोठी असते हे खरे. पण युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये मुलांची निवड आधी होते आणि कुटुंबाची ऐपत पाहून शिष्यवृत्ती दिली जाते. भारतातल्या मुलांची निवड करणारी राष्ट्रीय समिती आहे. मुलाखतीत केवळ गुण पाहत नाहीत. मुलाला कशाचे कुतूहल आहे, चारचौघांत ते कसे वागते, हेही पाहतात. पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत या मुलांना २००० मध्ये सुरू झालेल्या डेव्हिस शिष्यवृत्ती योजनेचा आधार मिळतो. कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या हुशार मुलीला हे दार उघडे आहे, पण ते आहे हे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. दहावीच्या वर्गशिक्षकांनी हे काम करावे अशी माझी विनंती आहे.

सरकारी पातळीवरही प्रयत्न झाला. २०१८ मध्ये राज्याने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन केले आणि पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या तेरा शाळा त्यात घेतल्या. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यामुळे गाजली. काही वर्षांतच ते मंडळ गुंडाळले गेले. मंडळ गेले, तरी खेड्यातली शाळा जगाशी जोडता येते हे दाखवणारे शिक्षक होते आणि आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलते करणारा उपक्रमही त्यांनी चालवला. त्या शाळेच्या पाटीवर मात्र 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' एवढेच.

मग माझे उत्तर काय? पालकांनी फी भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रम कोणत्या मंडळाचा आहे? कारण नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या अनेक शाळा राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण मग जादा पैसे कशाचे, हे कळायला हवे. मूल वर्षभरात स्वतःच्या मनाने शोधून काय लिहिते? गावासाठी हाताने कोणते काम करते? आणि त्याच्या भाषेला शाळेत मान आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर पाटी कितीही मोठी असो, पैसे जपून ठेवावेत.

शिक्षक बंधू-भगिनींनाही एक सांगणे आहे. आपल्या फाट्यावरून हैदराबादकडचे ट्रक जातात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले पंजाबी यात्रेकरू जातात. वर्गात मराठी, उर्दू आणि गोरमाटी बोलणारी मुले शेजारी बसतात. ज्या नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि ज्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ते नर्सी याच जिल्ह्यात आहे. तेव्हा शोधनिबंधासाठी विषय कमी नाहीत. हळदीचा भाव कोण ठरवतो? गावातल्या विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते? तांड्यावरच्या आजीच्या बोलीत नात्यांची नावे काय आहेत? नववीच्या प्रत्येक मुलाने यांतला एकच प्रश्न घ्यावा, वर्षभर माहिती जमवावी, पाच-सहा पाने आपल्या शब्दांत लिहावीत आणि ती गावासमोर वाचून दाखवावीत. याला मंडळाची परवानगी लागत नाही आणि फीही लागत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडली की एखाद्या वर्गापासून सुरुवात करून पाहावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)