बाद फेरीची पहिली रात्र

स्पर्धेचा निकाल लावण्याच्या रीती मुख्यतः दोन. एक साखळीची, तीत प्रत्येक संघ इतर संघांशी खेळतो, गुण जमवतो आणि हरला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरतो. दुसरी बाद पद्धतीची. तीत हरला तो घरी गेला. यवतमाळ जिल्ह्यातील कबड्डीपटूला या दोहोंपैकी दुसरी रीत लहानपणापासून परिचयाची असते. पोळा आटोपला, किंवा कापसाची वेचणी होऊन हाती चार पैसे आले, म्हणजे दारव्हा, दिग्रस, पुसद, घाटंजी, राळेगाव या भागांत गावोगावी मंडळांच्या स्पर्धा लागतात. इकडची काळी माती उन्हाने भेगाळते आणि पावसाने पायाला चिकटते. म्हणून ती चाळून, वर पाणी मारून मैदान अगोदरपासून तयार करावे लागते. चुन्याच्या रेषा, बांबूंना बांधलेले दिवे आणि बक्षिसांच्या रकमांबरोबर देणगीदारांची नावे मिरवणारा फलक, एवढ्यावर ती रात्र साजरी होते. साठसत्तर किलोमीटरांवरून आलेला संघ पहिल्याच सामन्यात पडला, तर चाळीस मिनिटांत त्याची स्पर्धा संपते. रात्र अजून बरीच उरलेली असते, आणि पराभूत गडी कडेला बसून इतरांचा खेळ पाहत राहतात.

हाच गडी मनात स्वप्न बाळगतो ते मात्र वेगळ्या खेळाचे, किंबहुना त्याच खेळाच्या वेगळ्या संसाराचे. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि कबड्डीपटूच्या उपजीविकेचा एक नवा मार्ग उघडला. तोपर्यंत कबड्डीवर कोणी थेट पोट भरीत नसे. चांगला खेळाडू बँकेत, रेल्वेत, पोलीस दलात किंवा सैन्यात नोकरीला लागे, आणि खेळ त्या नोकरीचा आधार होई. यवतमाळच्या आकाश चिकटे याचेही उदाहरण याच वाटेचे. त्याचा खेळ हॉकीचा. तो सैन्यदलातून पुढे आला आणि २०१६ साली आशियाई विजेत्या संघांच्या स्पर्धेत भारतीय संघाचा गोलरक्षक म्हणून खेळला. एकेकाळी ‘धंदेवाईक’ हा शब्द खेळाडूला शिवीसारखा लागे. आज त्याच्या जागी ‘व्यावसायिक’ हा शब्द आला आहे आणि तो मानाने उच्चारला जातो. शब्द बदलला यात लबाडी नाही. जो मनुष्य शरीर झिजवतो त्याने मोल मागावे, यात गैर ते काय?

ते मोल किती वाढले, हे दोन आकड्यांवरून दिसते. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजार रुपयांना पाटण्याच्या संघाने घेतला. २०२३ मध्ये पवन सेहरावत या चढाईपटूसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. त्याच लिलावात इराणचा मोहम्मदरेझा शाडलू २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे आला. मार्च २०२४ मध्ये पुण्याचा संघ विजेता झाला. पुढच्या लिलावात शाडलू हरियाणाच्या संघाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये विजेतेपद हरियाणाने मिळवले. दहा महिन्यांत दोन संघांचे विजेतेपद एकाच खेळाडूच्या नावावर लागले. गावच्या मंडळाशी जन्माची गाठ असलेल्या गड्याला हे चमत्कारिक वाटेल. व्यवसायाचा मात्र तो नित्याचा नियम आहे.

आता मूळ विषयाकडे वळावे. लीगमध्ये बारा संघ. २०१९ पासून २०२४ पर्यंतच्या पाच हंगामांत प्रत्येक संघ साखळीत २२ सामने खेळे. विजयास पाच गुण, बरोबरीस तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास एक. हा शेवटचा एक गुण फार शिकवणारा होता. गावच्या स्पर्धेत हरणारा संघ अखेरच्या मिनिटांत जिवावर उदार होतो, कारण एका गुणाने हरला काय आणि वीस गुणांनी हरला काय, घरीच जायचे. लीगमध्ये तसे करून चालत नसे. दहा गुणांनी मागे असलेला कर्णधार सामना जिंकण्याचा नाद सोडून फरक सातवर आणण्याच्या मागे लागे. चढाईपटू मध्यरेषेपलीकडे जाई, निदान रेषा ओलांडी आणि तीस सेकंद संपण्याच्या आत रिकाम्या हाताने पण सुखरूप परत येई. प्रेक्षक ओरडत, परंतु तो आपला हिशेब सोडीत नसे. हरतानाही काही राखून ठेवावे, ही विद्या साखळीवाचून येत नाही.

या २२ सामन्यांनंतर पहिले सहा संघ पुढे जात. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी आणि चौथ्याची पाचव्याशी. हीच बाद फेरीची पहिली रात्र. तीन महिन्यांचा जमाखर्च एका बाजूला आणि चाळीस मिनिटे दुसऱ्या बाजूला.

अमेरिकेतील बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ अशा फेरीला फार वेगळ्या रीतीने सामोरे जातात. तेथे ८२ सामन्यांच्या हंगामानंतर सोळा संघ बाद फेरीत उतरतात. परंतु पहिल्या फेरीतही दोन संघांमध्ये सातपर्यंत सामने होतात आणि जो चार जिंकतो तो पुढे जातो. एक रात्र वाईट गेली तर दुसरी हाताशी असते. म्हणून आठव्या क्रमांकाच्या संघाने पहिल्याला हरवणे ही तेथे अपूर्वाई समजली जाते. २०२३ साली मायामीच्या संघाने मिल्वॉकीला चार सामन्यांविरुद्ध एकाने हरवले, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली. तो निकाल नशिबावर ढकलता येत नव्हता. नशीब एका रात्रीपुरते धावून येते, चार रात्री ते साथ देत नाही. कबड्डीच्या पहिल्या फेरीत मात्र एका रात्रीचे नशीबही पुरेसे होते. तेथे उत्तम संघाची परीक्षा होते असे म्हणण्यापेक्षा त्या रात्री कोणाचे पाय खंबीर राहिले, याची होते असे म्हणणे अधिक खरे.

१३ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत तमिळ थलैवाज आणि यूपी योद्धाज यांचा सामना चाळीस मिनिटांनंतर ३६-३६ असा बरोबरीत राहिला. मग प्रत्येक बाजूस पाच-पाच चढायांची जादा फेरी झाली, आणि तीत तमिळ संघ ६-४ असा पुढे गेला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी हैदराबादेत पाटणा पायरेट्सने दबंग दिल्लीचा ३७-३५ असा पराभव केला. दोन गुण, म्हणजे एका लोणाचे जादा गुण. संबंध हंगाम तेवढ्यावर उलटला. महाराष्ट्राला अधिक लागलेली रात्र २६ डिसेंबर २०२४ ची. पुण्यात बालेवाडीला, जवळजवळ घरच्याच प्रेक्षकांसमोर, यू मुम्बाचा संघ पाटण्याकडून २३-३१ असा हरला. पुढच्या वर्षी पद्धत बदलली आणि पहिल्या फेरीत पाचव्या ते आठव्या क्रमांकाचे संघ आले, तेव्हाही मुंबईची वाट अडवली ती पाटण्यानेच.

अशा रात्री खेळाचे रूप पालटते. साखळीत ज्या चढाईपटूने सहज बोनस घ्यावा, तो रेषेपाशी थबकतो. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई गुणावाचून परत आली तर चढाईपटू बाद. साखळीत हा नियम डावपेचाचा भाग असतो, बाद फेरीत तो छातीवरचा धोंडा होतो. उलट मैदानात तीनच गडी उरले असता पकड साधली तर तिला दोन गुण मिळतात, म्हणून कमी गड्यांचा संघही धीट होऊन वाट पाहतो. घाई करणारा येथे बहुधा फसतो. ही गोष्ट गावच्या मैदानावरही तितकीच खरी आहे. व्यावसायिक खेळाडूला पायात बूट, खाली मॅट आणि डोक्यावर दिव्यांचा लखलखाट असतो. तरी त्या एका रात्रीपुरता तो पुन्हा मातीतला गडी होतो.

परंतु या पहिल्या फेरीचे खरे मर्म विजेत्यांच्या यादीतच सापडते. सहा संघांच्या पद्धतीचे पाच हंगाम झाले. २०१९ साली बंगाल, २०२२ च्या आरंभी दिल्ली, त्याच वर्षाच्या अखेरीस जयपूर, मार्च २०२४ मध्ये पुणे आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा असे विजेते ठरले. यांतला प्रत्येक संघ साखळीत पहिला किंवा दुसरा आलेला होता. पहिल्या बाद फेरीतून वर चढलेला एकही संघ या पाच हंगामांत विजेता झाला नाही. हरियाणा मार्च २०२४ मध्ये आणि पाटणा त्याच वर्षी डिसेंबरात या वाटेने अंतिम सामन्यापर्यंत पोचले, आणि तेथे दोघांचेही पाऊल अडले. पाटण्याला २६ तारखेला एक सामना, २७ तारखेला दुसरा आणि २९ तारखेला अंतिम सामना खेळावा लागला. समोरच्या हरियाणाने त्यातला पहिला सामना खेळलाच नव्हता. चार दिवसांत तिसऱ्यांदा उभे राहणाऱ्या पकडपटूच्या मनगटाला तो एक सामना जड जातो.

याचा अर्थ असा की बाद फेरीची पहिली रात्र नाट्यमय असली तरी विजेतेपदाचा निवाडा पुष्कळसा अगोदर, कोणाच्या लक्षात न राहणाऱ्या साखळी सामन्यांतच झालेला असतो. हंगामाच्या मध्यावर सहा गुणांनी हरताना राखलेला तो एक गुण शेवटी एक दिवसाची विश्रांती मिळवून देतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण मार्च २०२४ मध्ये हरियाणाविरुद्ध २८-२५ अशी जिंकली. त्या सामन्याची वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु तो संघ साखळीत पहिला आला होता, हे त्या वाहवेत मागे पडले. पुढच्या हंगामात इनामदार दुखापतीने बाहेर बसला आणि पुण्याचा संघ पहिल्या सहांतही आला नाही.

यवतमाळच्या खेळाडूचा प्रश्न येथे उभा राहतो. व्यावसायिक लीगमधील त्या एका रात्रीची तयारी त्याच्यापाशी आहे, कदाचित शहरी खेळाडूहून अधिक आहे. त्याच्यापाशी नाहीत ते आधीचे वीस-बावीस सामने. या भागाला व्यायामपरंपरेची उणीव नाही. शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अंगबळ आहे, आवड आहे. परंतु एका वर्षात दहा स्पर्धांना जाणारा आणि त्यांतल्या सहांत पहिल्याच फेरीत पडणारा गडी वर्षाकाठी कितीसे सामने खेळणार? थकलेल्या शरीराने सलग दुसऱ्या दिवशी खेळणे, हरलेल्या संघाशी पुन्हा गाठ पडणे, कालची चूक आज सुधारणे, हे त्याच्या वाट्याला येतच नाही.

मुलींची स्थिती याहून कठीण. २०१६ साली पुरुषांच्या लीगबरोबर महिलांच्या तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरवली गेली; अंतिम सामना अवघ्या एका गुणाने, २४-२३ असा सुटला. एवढी चुरस होऊनही तो उपक्रम पुढच्या वर्षी चालवला गेला नाही. बाद फेरीत पोचण्याआधीच स्पर्धा बंद व्हावी, असा हा प्रकार झाला.

गावोगावच्या मंडळांना कोट्यवधींची लीग भरवता येणार नाही. तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण साखळी भरवणे हे केवळ पैशाचे काम नव्हे, थोडे अंकगणिताचेही आहे. सोळा संघांची स्पर्धा निव्वळ बाद पद्धतीने खेळवली तर १५ सामने होतात, आणि आठ संघ एकच सामना खेळून परततात. त्याच सोळा संघांचे चार-चारांचे चार गट केले, तर गटांतील साखळीचे २४ सामने, त्यापुढे दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे २७ होतात. बारा सामने वाढले, पण सर्वांत दुबळ्या संघालाही तीन खेळायला मिळाले. दोन मैदाने आखली तर दोन दिवसांत हे सारे उरकते. वाढीव खर्च तो एका रात्रीच्या मुक्कामाचा आणि दोन वेळच्या भाकरी-वरणाचा. आणि मुक्कामासाठी सुटीच्या दिवसांत गावच्या शाळेच्या खोल्या रिकाम्याच असतात.