काचेला काच जोडताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवी झाले आणि पुढे चूल सांभाळली. पण कार्यवाहबाईंचा आग्रह पडला, म्हणून माझीच एक चूक आज तुमच्यापुढे सांगते.

गेल्या दिवाळीत आपल्या विक्रीच्या टेबलावर मी काचेची फुलदाणी ठेवली होती. दोन जुने पेले बुडाला बूड लावून चिकटवले होते. डिंक घरात होता तोच, सुताराचा पांढरा. शेजारच्या वहिनींनी ती कौतुकाने विकत नेली. आठ दिवसांत पाणी भरताना वरचा पेला हातात आला, खालचा फुटला आणि वहिनींचे बोट कापले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. वस्तू मंडळाच्या नावाने विकलेली ना!

मग आरसे बसवणाऱ्या कारागिराला विचारले, घरी करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. पांढरा डिंक आतले पाणी उडाले की वाळतो. लाकूड, पुठ्ठा, कापड ते पाणी पितात. काच थेंबभरही पीत नाही. मग डिंक कडेला वाळतो, पोटात ओला राहतो, आणि वाळला तरी पाण्याने पुन्हा मऊ होतो. पाटावर, पुठ्ठ्यावर टिकल्या-आरसे लावायला तो उत्तम. काचेला काच जोडायला नको.

क्षणात चिकटणारा पातळ डिंक घाईला बरा वाटतो. पण काचेवर तो ठिसूळ होऊन पुढे सुटतो, कडेला पांढुरकी झाक येते. बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरून हलकेच सोडवा. सांडला तर सुती फडक्याने टिपू नका. सुतावर तो एकदम तापतो, हात भाजतो.

काचेला काच जोडायला दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्यावा. नळीवर दिलेल्या प्रमाणात दोन्ही घेऊन काडीने नीट घोटावे. सावकाश वाळणारा असेल तर पुरा एक दिवस हलवू नये. उन्हात तो पिवळा पडतो, एवढे ध्यानात ठेवा. जिथे पाणी कायम साठणार तिथे सिलिकॉन. माशांच्या काचपेट्या त्याच्याच सांध्यांवर उभ्या असतात. मात्र आंबट वासाचा सिलिकॉन आरशाच्या पाठीला लावू नये, कलई खराब होते. त्यासाठी दुकानात ‘न्यूट्रल’ म्हणून मागावा.

डिंक कोणताही असो, काच आधी साबणाने धुवा, कोरडी करा, स्पिरिटने पुसा आणि मग त्या जागी बोट लावू नका. आपल्या हाताचे तेलच सांधा धरू देत नाही. चिकटवलेल्या भांड्यात खाणेपिणे करू नये आणि पेटता दिवाही ठेवू नये. उष्णतेने सांधा सैल होतो.

वहिनींना मी दुसरी फुलदाणी करून दिली. पण देण्याआधी आठ दिवस पाणी भरून माझ्याच ओट्यावर ठेवली, रोज उचलून पाहिली. आपल्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक काचेच्या वस्तूची अशीच परीक्षा व्हावी, एवढी माझी सूचना आहे. घेणारी बाई सांधा पाहत नाही, आपल्यावर विश्वास ठेवते.