झोपेतले दात खाणे आणि श्वास
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



मूल झोपेत दात खाऊ लागले, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "जंत झालेत, एरंडेल द्या." मोठ्या माणसाने खाल्ले, तर "दिवसाचा राग रात्री काढतोय" म्हणून आपण हसतो. जंतांचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. मनावरच्या ताणाचा वाटा आहे खरा. पण तेवढ्यावर थांबू नये. श्वासाकडेही पाहावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

झोप रात्रभर एकसारखी नसते. मधूनमधून मेंदू काही क्षण जागसर होतो. आपणांस त्याचा पत्ताही नसतो. त्या क्षणी हृदयाची गती वाढते, श्वास खोल होतो आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू आवळतात. बरेचसे दात खाणे असे हलक्या झोपेत घडते.

आता घोरणाऱ्याचे पाहा. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते, हवेची वाट अरुंद होते. काहींची वाट पार मिटते आणि दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास थांबतो. मग मेंदू दचकतो आणि माणूस धाप लागल्यासारखा श्वास घेतो. झोप अशी वारंवार चाळवली, की दात खाण्यास निमित्त मिळू शकते. मात्र दात खाणाऱ्या प्रत्येकाचा श्वास अडतोच असे नाही. हे नाते किती घट्ट, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही.

मुलांत वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाट अडविते. मूल तोंड उघडे टाकून झोपत असेल, घोरत असेल आणि दातही खात असेल, तर त्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि आपले स्वतःचे काय? पुरुष घोरला तर आळीभर बोभाटा होतो. बाई घोरली तर ती लाजेने गप्प बसते. पाळी गेल्यानंतर श्वास अडण्याचे प्रमाण स्त्रियांत वाढते. सकाळी डोके दुखणे, जबडा अवघडणे, दिवसभर थकवा, ही सारी "कामाचा शीण" या एका नावाखाली झाकली जातात. श्वास अडण्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

दंतवैद्य रात्री दातांवर बसविण्याचे आवरण देतात. त्याने दातांची झीज वाचते. अडलेला श्वास मोकळा होत नाही. म्हणून घोरणे असल्यास तेही दंतवैद्यांना सांगावे. झोपेची तपासणी करून निदान होते. 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. तो आज सर्वत्र वापरात आहे. वजन आटोक्यात ठेवणे, कुशीवर झोपणे, रात्रीचा चहा, तंबाखू व मद्य टाळणे, हे घरचे उपायही हिताचे.

भगिनींनो, घरातल्या सर्वांच्या झोपेवर आपली नजर असते. आपल्या झोपेकडे पाहण्यास मात्र घरातील कोणाला तरी आवर्जून सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.