मांजरी स्टेशन आणि भवानीनगरचं भांडण



पावसाळ्यात वाचायला काय घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक बिनरक्ताची रहस्यकथा सुचवते. तिच्यात खून असतो, पण पडद्याआड. पुढचा सगळा मामला चहाचा, चौकशांचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उचापतींचा. इंग्रजांनी या साच्यात दुसरं महायुद्धसुद्धा बसवलं. ॲगाथा ख्रिस्ती यांची १९४१ सालची ‘एन ऑर एम?’ ही कादंबरी घ्या. समुद्रकाठच्या एका खाणावळीत शत्रूचे हेर लपलेले आहेत, आणि त्यांना हुडकायला येते टपेन्स. पोरं मोठी झालेली, घरी बसून कंटाळलेली, हातात सदा विणकाम घेतलेली बाई.

या पुस्तकात मेजर ब्लेचली नावाचं एक पात्र आहे. त्या नावाने ब्रिटिश गुप्तचर खात्याची झोप उडाली. कारण ब्लेचली पार्कमध्ये तेव्हा जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडण्याचं अत्यंत गुप्त काम चाललं होतं, आणि तिथले एक बडे तज्ज्ञ ख्रिस्तीबाईंच्या ओळखीचे. शेवटी त्यांनीच विषय काढला. बाईंचं उत्तर असं की, एकदा माझी गाडी ब्लेचली स्टेशनात रखडली होती. तो राग मी एका नावडत्या पात्रावर काढला!

गाडी रखडली म्हणून पुस्तकात जागा मिळत असेल, तर आमच्या मांजरी स्टेशनवर एव्हाना कादंबऱ्यांची चळत लागायला हवी होती.

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. पण मनातल्या मनात रहस्यकथा रचताना मी युद्धकाळातली मांजरी घेते. पुणे-दौंड मार्गावरचं स्टेशन. मुळा-मुठेच्या एका काठाला बुद्रुक, दुसऱ्या काठाला खुर्द. नदीच्या वरच्या अंगाला आगाखान पॅलेस, जिथे ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी कैदेत होते. आजूबाजूला माणूस सहज नाहीसा होईल इतका ऊस. आणखी काय लागतं?

लागते ती हेर बाई. हॅटवाली मेम इथे शोभायची नाही. तिच्यासाठी मी सरळ आजच्या सांगली जिल्ह्यात जाते, हौसाताई पाटलांकडे.

हौसाताई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. १९४३ साली वय सतरा, लग्न झालेलं, पदरात लहान मूल. इंग्रज सरकारला आव्हान देणाऱ्या साताऱ्याच्या प्रतिसरकारची लढाऊ तुकडी, तुफान सेना, बंदुकांच्या शोधात होती. बंदुका होत्या भवानीनगरच्या छोट्या पोलीस ठाण्यात. ठाण्यातले काही शिपाई जेवायला गेलेले. तेवढ्यात समोर एक भांडण पेटलं. दारुडा नवरा बायकोला बडवतोय. ती जमिनीवर पडून आकांत करतेय, सोबतच्या भावाला विनवतेय की मला परत धाडू नकोस, तुझ्या घराशेजारी हातभर जागा दे. भाऊ आपला एकच ठेका धरून, बाईने दिल्या घरी नांदावं. मग नवऱ्याने मोठा धोंडा उचलला. आता मात्र दोघे शिपाई धावत बाहेर आले.

नवरा खोटा, भाऊ खोटा, आणि मार खाणारी बायको म्हणजे हौसाताई. शिपाई त्यांची समजूत घालत होते, तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातून चार रायफली आणि काडतुसं लांबवली. आणि शिपायांचं सौजन्य असं की, त्यांनी या जोडप्याला रेल्वे स्टेशनवर नेलं, स्वतः तिकिटं काढून दिली आणि दोघांना शेजारी शेजारी बसवून दिलं. हा प्रसंग ख्रिस्तीबाईंना सुचला असता तर त्यांनी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं असतं.

पण शिपाई फसले कशाने, हे पाहिलं की माझ्या बिनरक्ताच्या कथेची पंचाईत होते. नवरा बायकोला मारतो आणि माहेर तिला परत पाठवतं, यात संशय घ्यावा असं त्यांना काही वाटलंच नाही. रोजचंच होतं ते. टपेन्स विणकामाआड लपली. हौसाताईंना तशी सोय नव्हती, त्यांना मारामागे लपावं लागलं, आणि तो मार काही नाटकातला नव्हता. आपल्याकडची हेरकथा लिहायची तर हे पाठीवरचे वळ गाळून चालणार नाही. मग ती चहाबरोबर वाचायची राहील का, मला शंका आहे. तरी लिहावी.

मालमसाला पुष्कळ आहे. पुढे हौसाताई गोव्याला गेल्या. बाळ जोशी हे साथीदार पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते. त्यांची बहीण म्हणून भेट घेतली, सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात. परतताना मांडवी ओलांडली ती रात्री, एका मोठ्या लाकडी पेटीच्या आधाराने.

हौसाताई २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, पंचाण्णव वर्षांच्या होऊन. भवानीनगरचा किस्सा त्यांनी नव्वदी ओलांडल्यावरही मुलाखतीत सांगितला. रायफलींचा अभिमान होताच. पण त्या खोट्या नवऱ्याने भांडण खरं वाटावं म्हणून इतक्या जोरात मारायला नको होतं, हा राग मात्र इतक्या वर्षांनीही गेलेला नव्हता.